अस्वलाच्या पोटावरचे दगडफूल

११ फेब्रुवारी २०२४

गाश्पर, बाबांच्या अंत्यविधीपासून मी तुझ्याशी बोलले नाही, तुझे फोनही उचलले नाहीत. त्याबद्दल क्षमा कर. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत हे मला ठाऊक आहे, म्हणून आता रीतीप्रमाणे लिहिते.

मी, झार्या ब्रेझोवार, वय सेहेचाळीस, राहणार क्रोपा, व्यवसाय जिवंत गोष्टींपासून कलाकृती करणे (जो माझ्या भावाला कधी व्यवसाय वाटला नाही), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांना शंका नाही. बाकी शरीराबद्दल त्यांचे मत असे, की उन्हाळा मिळेल, ऑक्टोबर बहुधा मिळणार नाही.

१. घरातला माझा अर्धा हिस्सा, मागची बाग आणि मधपेट्यांची खोली माझा भाऊ गाश्पर याला द्यावी. पहिल्या मसुद्यात मी यावर एक अट घातली होती. ती खोडली. का, ते कलम ४ मध्ये आहे.

२. बँकेतली शिल्लक ल्युब्लियानातल्या आमच्या प्रयोगशाळेला द्यावी. तिथला मायक्रोस्कोप माझा स्वतःचा आहे. तो तिथल्या माझ्या सहकारी मिलोयकाला मी आजच देऊन टाकला, कारण ती या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकील म्हणतात. बाबांचा लोकरी कोट माझ्याबरोबर दफन करावा. अंतराळ स्थानक आमच्या डोक्यावरून जाते तेव्हा मी तोच घालून अंगणात उभी असते. उजेडाचा एक ठिपका छपरामागून निघतो आणि चर्चच्या मनोऱ्यामागे जातो. तेवढ्यात बघून घ्यायचे.

३. तारांचा ब्रश गाश्परला परत द्यावा.

हा त्याच्याच लोहारभट्टीवरचा ब्रश. मधपेटीच्या ज्या दर्शनी फळीवर आजोबांनी अस्वल रंगवले होते, त्या अस्वलाच्या पोटावर पिवळे दगडफूल वाढले होते. बुरशी आणि शेवाळ मिळून दगडफूल होते. दोघांचा एकत्र संसार. त्यातला अर्धा भाग मी अंतराळ स्थानकाच्या बाहेरच्या पट्टीवर पाठवला, अर्धा फळीवरच ठेवला. माझी कलाकृती एवढीच होती: एक घर सोडून गेलेला, एक घरी राहिलेला. वर जाताना माणूस फक्त उपयोगाचे सामान नेतो. बिनउपयोगाचे, पण सोबतीचे काही न्यावे असे मला वाटत होते.

बाबांनी विचारले होते, "तिथं ह्याचा उपयोग काय?"

"काहीच नाही, बाबा."

"मग पाठव. गाश्परलाही विचार, जातो का."

बाबा गेले त्या सकाळी गाश्परने रीतीप्रमाणे प्रत्येक पेटीवर टकटक करून मधमाश्यांना सांगितले, की मालक गेला. मग लोक येणार म्हणून त्याने सगळ्या फळ्या घासल्या आणि रंगवल्या. मी पोचले तेव्हा अस्वल नव्या कोटात चमकत होते.

"अरे, पिवळं होतं ते कुठंय?"

"घाण होती ती, झार्या. साफ केली. सगळा गाव येणार, बाबांच्या पेट्या अशा दिसायच्या?"

"हात लावू नका म्हणून चिठ्ठी लावली होती मी!"

"ती पाहुण्यांसाठी असते ना! मी घरचा आहे."

मी ब्रश हिसकावून निघून आले. तारांत अडकलेली पिवळी भुकटी मायक्रोस्कोपखाली पाहिली. त्यात जिवंत काही नव्हते.

४. वर गेलेला अर्धा भाग ऑक्टोबरमध्ये परत येईल. तो गाश्परला द्यावा. वारसाने मागितला नाही, तर करारानुसार तो नष्ट करतात.

मिलोयका म्हणाली, "अगं, वेडी का तू? ज्यानं एक संपवलं त्यालाच दुसरं देतेस?"

तिच्या हातात ते नक्की जगेल, पण काचेत. ते काचेतले नाही, अस्वलाच्या पोटावरचे आहे. हे मी न्यायाने ठरवते आहे की गाश्परची आठवण येते म्हणून, याचा पुष्कळ विचार केला. ठरवता आले नाही. 'ते जगवले तरच घर' अशी ती अट होती. घर जाईल या भीतीने त्याने रोज पाणी शिंपडले असते. तसे नको होते.

गाश्पर, दगडफूल रंगावर धरत नाही. त्याला खडबडीत, उघडे लाकूड लागते. त्याच ब्रशने अस्वलाच्या पोटावरचा रंग तळहाताएवढा खरवड. पावसाचे पाणी घाल, नळाचे नको. ते मेल्यासारखे दिसेल. वाट बघ.

मी गेल्यावर मधमाश्यांना तू सांगशीलच. वर असलेल्याला मात्र तेव्हा कळणार नाही. बाबांचेही त्याला कोणी सांगितलेले नाही. ते आले की फळीवर टकटक कर आणि आम्हा दोघांचे एकदमच सांग.

इथला कायदा हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार मागत नाही. मला ते हवे होते.

साक्षीदार: मिलोयका ह्रिबर (सही), शेजारी अंद्राझ पोगाचार (सही; ब्रशचे कलम वाचून हसला, चौथे वाचून नाही)

सही: झार्या ब्रेझोवार
क्रोपा, वरील तारीख

उद्या: कलम ३ ची वाट न बघता ब्रश घेऊन गाश्परच्या भट्टीवर जाणे.