पहारेकऱ्याचा घाम

सिंगापूर

प्रिय उत्कर्षाताई,

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. फोन बाबांच्या उशाशी असतो, बोललेलं त्यांना ऐकू जाईल, म्हणून लिहितोय.

आमच्या जहाजाचा ग्रीक चीफ इंजिनिअर तरुणपणी एव्हझोन होता. पूर्वी हे डोंगरात लढणारं चपळ पायदळ, बाबांच्या मराठा लाइट इन्फंट्रीसारखं. आता ते अथेन्सला चुणीदार झगा घालून पुतळ्यासारखे पहारा देतात. घाम डोळ्यांत उतरला तरी हात हलवायचा नाही. पुसायला एक सोबती असतो म्हणे. चीफ ऐटीत सांगत होता, मला ऐकवेना.

बाबांचं बोट तरी हलतं का गं? खरं सांग.

बदली माणूस नाही, म्हणून रजा पुन्हा नाकारली. आता मागायचंही त्राण नाही.

त्यांचा घाम तू पुसतेस. तुझा कोण पुसतं?

तुझा,
दर्शन