रानकुळथाची पिठी

११ जानेवारी २०२५, तळा
बी अजून दमटच! महिना होऊन गेला. कोरड्या मुलखातल्या रानटी वनस्पतींचं बी राखायची ही योजना, चार-पाच देशांनी मिळून काढलेली. आमचा सडा, म्हणजे डोंगरावरचा उघडा कातळ, पाऊस सरला की तव्यासारखा तापतो, म्हणून त्यावरच्या रानकुळथाचीही वर्णी लागली. बी खडखडीत वाळलं तर बियांच्या पेढीत गोठवून शंभर वर्षं टिकतं म्हणे. इथे रात्रीच्या दवाने पापड मऊ पडतात!

हा रानकुळीथ आता फक्त त्या एका कातळावर उरलाय. वाडीवरची सखुबाई आणि मी, दोघांनी वाकून वाकून दोन वाट्या जमवला. तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण इतका कधी वाकलो नव्हतो.

१३ जानेवारी
अक्कल चालवली. घरात सगळ्यात कोरडी जागा म्हणजे चुलीवरची फळी. बी डब्यात भरलं, वर लॅटिन नावाची चिठ्ठी डकवली आणि तिथे ठेवलं. योजनेच्या लैलाबाई १७ला जॉर्डनहून येतायत. परवानग्या आल्यात, त्या बी तपासून घेऊन जाणार.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगुळाच्या गडबडीत बायकोला, अनुसूयेला, डब्याचं सांगायचं राहिलं. उद्या सांगतो.

१७ जानेवारी
लैलाबाई आल्या. ठेंगण्या, हसऱ्या, पन्नाशीच्या. ‘आमच्याकडे अंगणात टाकलं की संध्याकाळपर्यंत वाळतं,’ म्हणाल्या. मला जरा लागलंच ते. प्रवासाने त्यांचं पोट बिघडलेलं, म्हणून अनुसूयेने कुळथाची पिठी आणि भात वाढला. तीन वेळा मागून घेतला! ‘चव काही वेगळीच आहे.’ मी ऐटीत म्हटलं, आमच्या मातीचा गुण.

जेवणं झाल्यावर डबा काढायला गेलो. धुऊन पालथा घातलेला!

‘अहो, पिठी संपली होती. फळीवर कुळीथ दिसले. भाजले आणि गिरणीतून दळून आणले. बारीकच होते मेले.’
‘चिठ्ठी वाचली नाहीस?’
‘वाचली की. मला वाटलं तुमच्या औषधाचं नाव.’

लैलाबाईंना सांगावंच लागलं. आधी पांढऱ्या पडल्या, मग पोट धरून हसल्या – ‘बावीस वर्षं बी गोठवतेय. चाखलं आज पहिल्यांदा.’ तशी घाबरायची गरज नाही. नियमाप्रमाणे पाचवा हिस्साच तोडला होता, बाकीच्या शेंगा वेलांवर आहेत. उद्या पुन्हा सडा. अनुसूयेशी मात्र मी बोलणार नाही.

१८ जानेवारी
सखुबाई पायथ्याशीच भेटली. ‘वर जाव नका दादा. परवा वणवा लागला. काय न्हाय उरला.’

तरी गेलो. कातळ काळाठिक्कर. दोन तास शोधलं, एक शेंग मिळाली नाही. पावसात मातीतून काही उगवेल का, असं लैलाबाईंना विचारलं. ‘कदाचित,’ म्हणाल्या, पण माझ्याकडे बघितलं नाही. घरी येऊन जेवलो नाही. फार वाईट वाटतंय. पिढ्यान् पिढ्या तगलेलं बी, आणि आम्ही ते भातावर ओतून खाल्लं. डबा फळीवर मीच ठेवला होता, हेही लिहून ठेवतो.

१९ जानेवारी
सकाळी अनुसूयेने चहाशेजारी एक पुरचुंडी ठेवली. आत मूठभर रानकुळीथ, राखेत घोळलेला. ‘बियाण्याचं काढल्याशिवाय कुळीथ दळायला नेतं का कुणी? परवाच सांगणार होते. पण तुम्ही बोलाल तर ना.’ लैलाबाईंनी राख फुंकली, ओल मोजायचं यंत्र लावलं, आकडा दोनदा बघितला. हवं तेवढंच कोरडं. मग फॉर्म पुढे केला. बी राखणाऱ्याचं नाव – मी अनुसूयेचं लिहिलं.