माय मधेच थांबायची

तलवाडा

प्रिय हरी,

तुला आणि विजयमालाला माझे आशीर्वाद. फोनवर तर बोलणं होतंच, मग ही चिठ्ठी कशाला, असं तुला वाटेल. पण हल्ली तुझा फोन वाजला की आबा खाट सोडून माझ्याशेजारी येऊन बसतात आणि आवाज मोठा कर म्हणतात. काही गोष्टी त्यांच्यासमोर बोलता येत नाहीत. म्हणून झेरॉक्सच्या दुकानात बसून, गिऱ्हाईक यायच्या आत लिहिते आहे.

आधी त्या दिवसाबद्दल तुझे आभार मानू दे. तू म्हणशील, एक सीडी चालू करून दिली त्याचं काय एवढं! पण इकडे काय काय घडत होतं ते तुला फोनवरून दिसलं नसेल.

आबांच्या डोळ्यांचं मी तुला सांगितलंच होतं. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याची आशा सोडली, डावा जपायला सांगितला. घरी आल्यावर आबा मेंढरांकडे गेले, वाड्याचं फाटक लावून आले आणि म्हणाले, "संगे, ती सीडी कुठं हाय? तुझी माय हाय तिच्यात." तुला आठवत असेल, पुण्याची पोरं कॅमेरा घेऊन आली होती, आपल्या कळपाबरोबर नदीकाठानं हिंडली होती. त्यांनी धनगरांवर सिनेमा केला आणि एक सीडी पोस्टानं पाठवली. मायनं ती शेजाऱ्यांच्या टीव्हीवर एकदाच पाहिली, पदर तोंडाला लावून हसत. नंतर ती सीडी तिच्या लुगड्यांच्या पेटीत पडून राहिली आणि माय गेल्यावर ती पेटी कुणी उघडलीच नाही.

दुकानातला जुना कॉम्प्युटर मी घरी आणून ठेवलाय, त्यावर लावली. सुरुवातीचं माळरान नीट दिसलं. मग माय आली. काखेत कोकरू, कपाळावर घाम. बोलायला तोंड उघडलं आणि तिथंच थांबली. आवाज तुटक तुटक, खडखड. मग चित्र एकदम पुढं पळालं आणि माय निघून गेलेली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. आबा पडद्याला नाक लावून बसले होते. म्हणाले, "तिला बोलू कावून देत न्हाई हे डबडं?" त्यांचा तो आवाज ऐकून मला राहवलं नाही, मी तुला फोन लावला. तुझं नाव घेतलं नाही. पण त्यांना कळलं, कारण ते उठायला लागले. तुझ्या लग्नापासून सहा वर्षं हेच चाललं होतं. तुझा फोन आला की आबा उठून बाहेर. पण त्या दिवशी पडद्यावर माय होती, ते उठता उठता परत बसले.

तू सांगितलंस, सीडी साबणाच्या पाण्यानं धू, मऊ फडक्यानं मधून कडेला सरळ पूस, गोल गोल नको. मी नळापाशी गेले, हात ओले, आणि तू पडद्यावर नेमकं काय होत होतं ते विचारत होतास. मी आवाज मोठा करून फोन आबांच्या हातात दिला. खरं सांगते, मुद्दाम नाही दिला, दुसरं कोणी नव्हतंच घरात. त्यांनी तो हातात फिरवून पाहिला, कानाला लावला. मग आबा म्हणाले, "हं. बोल."

आणि तू काय म्हणालास, हरी! "आबा, चित्र थांबतंय का आवाज?" जणू काल संध्याकाळीच बोलणं झालं होतं. एक शब्द मागचा काढला नाहीस. आबा म्हणाले, "दोनी. चिंचोळ्या वाटंला मेंढरं अडत्यात बघ, तसं. म्होरलं थांबलं की समदी थांबत्यात, आन मंग एकदम उधळत्यात." तू हसलास. मी नळ बंद करून तशीच उभी राहिले.

धुऊनही जमेना. मग तू बाकीचं सगळं बंद करायला लावलंस, कॉम्प्युटरमधल्याच दुसऱ्या प्लेअरवर लावून बघायला सांगितलंस. माय आणखी दोन शब्द पुढं सरकली आणि पुन्हा अडकली. तेवढ्यात तुझ्या मागून बाईमाणसाचा आवाज आला, "चरे पडले असतील, सीडीवरून नका चालवू, आधी सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्या." आबांनी विचारलं, "ही कोन?" तू म्हणालास, "विजयमाला आहे, आबा." दारात पाय ठेवू नका म्हणालेला माणूस आता फोन ठेवणार, असंच मला वाटलं. आबांनी फोन कानाला आणखी घट्ट लावला. "तिला म्हन, जरा मोठ्यानं सांग. ह्या कानानं कमी येतं."

मग तिनं सांगायचं, आबांनी माझ्याकडे बघून तेच पुन्हा म्हणायचं आणि मी माऊस फिरवायचा. सीडी उतरायला किती वेळ लागला! त्या वेळात आबांनी तिला तिकडच्या पाण्यापावसाचं विचारलं, तिनं मेंढ्या किती आहेत ते विचारलं. आबा सांगतच सुटले. कोणती लंगडी, कोणती चोरटी, सगळं.

उतरवलेलं लावलं. माळरान आलं, माय आली. या खेपेला थांबली नाही. कोकरू खाली ठेवून सरळ आबांकडे बघून म्हणाली, "जेवला का तुमी? कवाची भाकर ठिवलीय." आणि आबा, हरी, त्या पडद्याला म्हणाले, "जेवलो गं." तुम्ही दोघांनी ते ऐकलंत. तुमच्याकडून काहीच आवाज आला नाही, आणि फोनही कुणी ठेवला नाही. त्याबद्दलही तुमचे आभार.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. त्यानंतर दोनदा मी तुला फोन केला, सीडी पुन्हा अडकतेय म्हणून. दोन्ही वेळा तू काम सोडून तासभर बोललास, विजयमालाही बोलली. हरी, सीडी अडकली नव्हती. उतरवून घेतल्यापासून एकदाही अडकली नाही. आबाच म्हणायचे, "लाव फोन, अडकतंय म्हन." काल संध्याकाळी पुन्हा म्हणाले. मी म्हटलं, आबा, किती दिवस असं सांगू त्याला? ते मेंढरांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फोनवर जमायचं न्हाई म्हन. मानूस यावा लागतो." मी विचारलं, हरीला एकट्यालाच बोलवू का? तर माझ्यावरच खेकसले, "त्याला काय कळतं त्यातलं? ती पोरगी हुशार हाय. तिच्याबिगर येऊन काय करनार हाय त्यो?"

दोघंही या.

तुझीच,
संगीताताई