पाचवीचे ओठ

सोमवार, ३

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क आनंदात गेला. चष्म्यांच्या दुकानावर तिसरा मजला. आत शिरलं की भिंतींना गादीसारखं मऊ अस्तर, टाळी वाजवली तरी ती आपल्याच हातात विरते. मालकीणबाईंनी स्वतः चहा आणून दिला. ध्वनिमुद्रक सडपातळ, अबोल गृहस्थ आहेत, हेडफोन फक्त जेवायला काढतात. मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. काम असं, की परदेशी मालिकांचे संवाद आपल्या भाषेत लिहायचे, पण पडद्यावरच्या ओठांशी जुळतील असे. ओठ मिटले तिथे प, ब, म. उघडे राहिले तिथे आ. बावीस वर्षं नाटकांची परीक्षणं लिहिली, साप्ताहिक बंद पडलं, बहिणीकडे राहायला आलो, आणि आठवड्यात हे हाती लागलं. वाईट नाही.

पहिली कामगिरी ऐकून मात्र हसू आवरेना. जादूगार मुलींची जपानी ॲनिमे मालिका, सीझन चौथा. मालकीणबाई म्हणाल्या, आधी भाग बघा आणि तुमचं पहिलं मत पानभर लिहून द्या. त्यांना सभ्य पान देईन. खरं मत इथे.

मंगळवार, ४

पहिला भाग पाहिला. चार शाळकरी मुली : गुलाबी, निळी, पिवळी, जांभळी. रंग सोडून त्यांच्यात फरक करायची तसदी कुणी घेतलेली नाही. संकट आलं की प्रत्येक मुलगी गोल फिरते, रिबिनी सुटतात, चांदण्या झडतात, फ्रॉक बदलतो. मी घड्याळ लावून बसलो. एकीला बावन्न सेकंद, चौघींना साडेतीन मिनिटं. तोवर राक्षस बसची वाट बघणाऱ्या कारकुनासारखा उभा. जोडीला एक उडता ससा, दर दोन वाक्यांनी मैत्रीचं महत्त्व सांगतो. त्याला अजून कुणी शिजवलं कसं नाही, हाच मालिकेतला एकमेव चमत्कार. बाकी सगळं टुकार, बाष्कळ आणि भडक.

या सीझनचं नवं आकर्षण म्हणजे पाचवी. करड्या कपड्यांतली. ती फिरत नाही, लढत नाही. सगळ्यांच्या मागे उभी राहते आणि थेट आपल्याकडे बघत ओठ हलवते. आवाज नाही. संहितेतही तिच्यापुढे जागा कोरी. ध्वनिमुद्रकांना विचारलं तर म्हणाले, बनवणाऱ्यांची सूचनाच आहे, हिला कुठल्याही भाषेत आवाज देऊ नये. कारण दिलेलं नाही. मला ते सांगायला नको. फ्रॉक विकायच्या धंद्याला थोडी कलात्मकतेची फोडणी.

घरी भाचीने भंडावून सोडलं. सात वर्षांची आहे. झोपेतून उठल्यापासून तोंड चालू, म्हणून सगळे तिला भुंगीच म्हणतात. जुने तीन सीझन तिला तोंडपाठ आहेत. मी तिच्याआधी चौथा पाहिला हे तिला सहन होत नाही. बहीण म्हणाली, दादा, तिच्यासमोर त्या मालिकेला नावं नको ठेवूस, दिवसभर मला ऐकवते.

गुरुवार, ६

पाचवीचे ओठ शंभरदा पाहिले. हा नुसता चाळा नाही, नीट वाक्य आहे. बरोबर अठरा अक्षरं, मध्ये एक थांबा. सूचनेला केराची टोपली दाखवून मी ओळ लिहिली : "तुझा आवाज दे मला. बदल्यात चमक घे तुला." या भंपक दुनियेत याहून वेगळं कोण काय बोलणार? चेष्टेनेच लिहिली. पण प्रत्येक अक्षर असं बसलं, जणू शिंप्याने अंगाची मापं घेऊन बेतलंय.

मालकीणबाई खूश झाल्या. ध्वनिमुद्रक खूश झाले नाहीत. म्हणाले, "मी मशीन चालवीन. पण कानाला लावणार नाही." आवाज दिला आक्कांनी. साठीच्या आहेत, पण तीस वर्षं लहान मुलींचेच आवाज काढतात. डोळे मिटून ऐकलं तर समोर दोन वेण्याच दिसतात. पहिल्याच दमात ओळ झाली. ध्वनिमुद्रक हेडफोन गळ्यात घेऊन भिंतीकडे बघत बसले होते. या क्षेत्रातली माणसं भलतीच हळवी.

शुक्रवार, ७

आक्कांचा आवाज गेला. बसला नाही, गेला. खोकल्याचासुद्धा आवाज येत नाही. डॉक्टरांना घशात काही सापडलं नाही. पाटीवर लिहून दाखवत होत्या, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, नाटकी बाई, जास्त पैसे मागायचे असतील.

दुपारी दुसरा भाग लावला. त्यात पाचवीचं अजून काहीच मुद्रित केलेलं नाही. तरी तिने तोंड उघडलं आणि स्पीकरमधून आक्कांचा आवाज आला. "अजून," एवढंच म्हणाली.

मी ध्वनिमुद्रकांना म्हणालो, कालचा तुकडा इथे चिकटला असेल. ते म्हणाले, कालच्या ओळीत 'अजून' कुठे होतं?

रविवार, ९

मशीनचे दोष मशीनवाल्यांनी बघावेत. मी पहिल्या भागाची प्रत घरी आणली. भुंगीला शेजारी बसवून तिची लाडकी मालिका किती भिकार आहे ते दाखवून द्यायचं होतं. पन्नास वर्षांचा माणूस सात वर्षांच्या पोरीशी वाद जिंकायला निघाला होता. लिहून ठेवतो, कारण आज मला त्यात काही गैर वाटलं नाही.

ती पडद्यापासून हातभर अंतरावर बसली. राक्षस का थांबतो ते तिने मला समजावलं : "मामा, कुणी कपडे बदलत असताना मारायचं नसतं." मग पाचवी पडद्यावर आली. माझी ओळ म्हणाली. भुंगी हसली, मान तिरकी केली आणि खाऊतला अर्धा वाटा द्यावा तितक्या सहज म्हणाली, "घे की."

मलाही हसू आलं.

सोमवार, १०

भुंगी सकाळी बोलली नाही. बहिणीला वाटलं रुसली. शाळेच्या बुटांचे बंद बांधताना तिने आईचा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. तोंड उघडलं. काही आलं नाही.

मी कामावर गेलो नाही. दवाखाना, दुसरा दवाखाना. घसा स्वच्छ आहे. धक्का बसला असेल म्हणतात. बहीण विचारते, काल घरात काय झालं? मी तिला सांगितलं, कार्टून बघितलं.

मंगळवार, ११

तिसरा भाग. पाचवी आता पुढे उभी आहे, चौघी तिच्या मागे. फ्रॉकला रंग येऊ लागलाय. तिने तोंड उघडलं आणि — भुंगी. हलणाऱ्या दाताबद्दल बोलत होती. शेजारच्या बाकावरच्या मुलीने रबर चोरल्याबद्दल. अखंड. परवा ऐकताना मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं, तेच सगळं.

मालकीणबाई धावत आल्या. इतका खरा आवाज कुणाचा, विचारू लागल्या. शनिवारी पहिला भाग सगळीकडे दाखवणार. लाखभर मुलं हातभर अंतरावर बसतील. ती ओळ ऐकतील. देतीलच. मुलं देतात.

ओळ माझी आहे.

बुधवार, १२

पुसली. ध्वनिमुद्रकांनी चारदा पुसली. मशीनवरची आवाजाची पट्टी कोरी दिसते, आणि बोलते. आक्का येऊन बसल्या होत्या, स्वतःचा आवाज ऐकत. मी त्यांची क्षमा मागितली. त्यांनी पाटीवर लिहिलं : तिला शब्द कुणी लिहून दिले नव्हते, तोवर ती गप्पच होती.

घरी भुंगी माझ्याकडे पाठ करून बसली होती. रडते आहे हे खांद्यांवरून कळलं. रडण्यालाही आवाज नाही.

गुरुवार, १३

समजलं. तिसऱ्या भागाच्या शेवटी तिचं एक वाक्य उरलंय, ओठ हलतात, पट्टी गप्प. मी तिथे लिहिलं, सगळ्यांचे आवाज परत देते. लावलं. तिचे हलते ओठ मिटले. पंधरा प्रकारे लिहिलं. विनवणी, हुकूम, शिव्या. मिटलेलेच.

फुकट ती काही देत नाही. मग लिहिलं, सगळ्यांचे आवाज परत देते. बदल्यात तुझे शब्द दे मला.

ओठ हलले. अक्षरा-अक्षराला बसले.

मी स्वतः माईकसमोर उभा राहिलो. ध्वनिमुद्रकांनी या वेळी हेडफोन कानाला लावले. म्हणाले, "एकट्याने कशाला ऐकायचं." मी ओळ वाचली. त्यांनी ती लावली. पाचवी माझ्या आवाजात बोलली आणि वाट बघत उभी राहिली.

मी म्हणालो, घे.

शुक्रवार, १४

भुंगी सकाळी किंचाळत उठली. दात पडला. दात पडला म्हणून किंचाळली. बहीण जमिनीवर बसून रडली, हसली. आक्कांचा फोन आला, नुसत्या गात होत्या. पट्टी गप्प. ध्वनिमुद्रकांनी पाचवीची जागा पुन्हा कोरी केली. मालकीणबाईंना सांगितलं, हिला आवाज दिला तर करार मोडल्याबद्दल खटला होईल. एका मिनिटात तयार झाल्या.

मालिका तितकीच — तो शब्द मी रोज वापरायचो. तीन अक्षरी. वर पहिल्या मंगळवारी बघतो, तिथे लिहिलेला आहे, वाचता येतो, पण अर्थ — नुसते आकार. शिव्या आधी गेल्या. सगळ्या. काही वाटत नाही त्यांचं.

पण दुपारी चहा ज्यात देतात ते

शनिवार

तारीख येत नाही. बहीण सांगते, मी ऐकतो, लिहायला जातो तोवर —

तिला सगळं सांगितलं. हातांनी. थोडं तोंडाने. तिने मारलं नाही. डोकं कुरवाळलं माझं. मी मोठा आहे तिच्यापेक्षा.

खिडकी आहे अजून. हात आहे. पाणी आहे. जपून —

शनिवारच, नंतर

लहान मुलगी शेजारी बसून बोलते. थांबत नाही. छान. सगळं कळत नाही. छान.

पडद्यावर चार जणी फिरतात. मागे ती. तोंड बंद. माझ्याकडे बघते.

मुलगी मला हाक मारते. परत मारते. एकच अक्षर, दोनदा, लांब. ऐकू येतं. माझंच आहे ते. तिच्या आईचा मी भाऊ, म्हणून तिचा मी