ओम्रीच्या वाट्याची सहा वचनं

१३ जानेवारी, मंगळवार
लायब्ररीत नवा वर्ग सुरू झाला. इस्राएलचे राजे, सहा मंगळवार. शिकवणारे प्रोफेसर माझ्याहून म्हातारे, पण आवाज खणखणीत. पहिल्याच तासाला ओम्री. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेटनी आमच्याकडून अहाब राजा आणि त्याची ती बायको घोकून घेतली होती. त्या अहाबाचा हा बाप. त्याच्यापाशी त्या अर्धं मिनिटही थांबल्या नव्हत्या. त्यांचा तरी काय दोष? बायबलातच त्याच्या बारा वर्षांना सहा वचनं. टेकडी घेतली, तिच्यावर शोमरोन राजधानी वसवली, परमेश्वराच्या दृष्टीनं वाईट वागला, मेला. बाकीचं राजांच्या बखरीत पाहा म्हणे. आणि ती बखर हरवलेली!

हात वर करून विचारलं, राजधानी वसवणाऱ्याला सहा वचनं, हा कुठला न्याय? प्रोफेसर म्हणाले, "लिहिणाऱ्यांना तो आवडत नव्हता." सगळे हसले. मी नाही. आवडीनिवडीनं लिहायचं तर भाजीची यादी लिहावी, इतिहास कशाला?

१५ जाने.
इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या पन्नाशीच्या स्मरणिकेसाठी मराठी शाळेचा इतिहास लिहून झाला. चार पानं. शेवटचं वाक्य विशेष जमलंय: 'बावीस वर्षांत बर्फामुळे एकही रविवार शाळा बंद राहिली नाही.' संपादक तन्मय. नागपूरचा, आयटीतला, हुशार, जोडाक्षरं सोडून. तासाभरात त्याचा फोन.

"काकू, भारी झालंय यार. सॉरी, यार नाही. पण पहिली बारा वर्षं एकाच ओळीत?"
"पुरे आहेत."
"शाळा सुरू कोणी केली ते नाहीये."
"'काही कार्यकर्त्यांनी सुरू केली', लिहिलंय की."
"किती होते?"
"एक."

मग म्हणाला, बघा तुम्ही, बुधवारपर्यंत म्हणजे २८पर्यंत वेळ आहे.

तो एक म्हणजे अरविंद घैसास. यापुढे घै.; पूर्ण नावावर शाई घालवणार नाही. शाळा त्यानं काढली, खरं आहे. पण मुलांना मराठी शिकवायचा ती इंग्रजी अक्षरांत. 'आई' म्हणजे ए ए आय. सर्वसाधारण सभेत मी विरोध केला तर सव्वाशे माणसांसमोर म्हणाला, "आता कॉन्व्हेंटची पोरगी आम्हाला मराठी शिकवणार!" हशा. आमच्या ह्यांनीसुद्धा ओठ दाबले होते, मी पाहिलं. पुढच्याच वर्षी शाळा त्याच्याकडून घेतली. देवनागरीत चालवली. एक ओळ दिली हीच मेहेरबानी.

१७ जाने., शनि.
इंडियन ग्रोसरीत ज्वारीचं पीठ घेत होते. एक तरुण आई, कडेवर मूल. "मावशी, तुम्ही घैसास स्कूलमध्ये शिकवायचात ना? रजिस्ट्रेशन कधी ओपन होतं?"
मी विचारलं, घैसास कोण, माहीत आहे?
"नाही हो. सगळे तसंच म्हणतात."
बावीस वर्षं मी! पीठ काउंटरवर विसरून घरी आले.

२० जाने., मंगळ.
वर्ग. शेजारच्या मवाब देशाच्या राजानं दगडावर कोरून ठेवलंय की ओम्रीनं आम्हाला पुष्कळ दिवस छळलं. म्हणजे आपल्यांच्या पोथीत सहा वचनं, आणि शत्रूच्या दगडावर पराक्रम. अश्शूरचे लोक तर इस्राएल देशालाच ओम्रीचं घराणं म्हणत. त्याहून कहर, येहू नावाच्या राजानं ओम्रीचा अख्खा वंश कापून काढला, आणि अश्शूरी दगडावर त्यालाच म्हटलंय ओम्रीचा मुलगा! वर्ग खो खो हसला.
माझ्या डोळ्यांसमोर ज्वारीचं पीठ.
प्रोफेसरांनी विचारलं, आज प्रश्न नाही? म्हटलं, नाही.

२३ जाने., शुक्र.
तन्मयला शाळेच्या पहिल्या रविवारची तारीख हवी. शाळा पहिल्यापासून एका चर्चच्या तळघरात भरते, तेव्हा तिथल्या ऑफिसात गेले. डोरथी, तिथली सेक्रेटरी, आता नव्वदीकडे झुकलेली, अजून शुक्रवारी येऊन बसते. तारीख मिळाली. मग घै.बद्दल म्हणाली, "मिस्टर जी कसे आहेत? इतका चिकट माणूस पाहिला नाही. तळघरासाठी आमच्या कमिटीनं चारदा नाही म्हटलं, पाचव्यांदा टोपी हातात घेऊन हजर. शेवटी अट घातली, पायऱ्यांवरचा बर्फ तुम्ही काढायचा."

कोणी घसरलं तर विमावाल्यांना दाखवायला चर्च एक वही ठेवतं. बर्फ कोणी काढला, किती वाजता. तिनं काढून दिली. दर हिवाळ्यात, दर रविवारी, ए. घैसास. ७.१०. ७.०५. ६.५०. शाळा दहाला.

पानं उलटत गेले. मी शाळा घेतली ते वर्ष आलं. तरी ए. घैसास. पुढच्या वर्षीही. असे पाच हिवाळे. मग गुडघ्याचं ऑपरेशन, डोरथी म्हणाली, आणि चर्चनं माणूस ठेवला.

मी समजत होते चर्चचा माणूस पहिल्यापासूनच आहे. नऊला जायचे, पायऱ्या कोरड्या, मीठ टाकलेलं. कोणी टाकलं, कधी विचारलं सुद्धा...

२५ जाने., रवि.
बर्फ. कालपासून. खिडकीपाशी बसून राहिले. फावडं उचलून पाहिलं, गॅरेजपर्यंतचासुद्धा बर्फ काढवेना. लेखातलं माझं ते बर्फाचं शेवटचं वाक्य खोडलं. त्या जागी काही सुचत नाही.

२७ जाने., मंगळ.
वर्गाला दांडी. घै. आठ वर्षांपूर्वी मुलाकडे, त्याच्या गावी प्लेनोला गेला. तन्मयकडून नंबर घेतला. फोन त्यानंच उचलला. पंच्याऐंशीचा आहे, कानाला कमी.
नाव सांगितलं. तिकडून, "कोण? अहो मोठ्यानं!" मग, "अरे वा, बाई! अजून शुद्धलेखन तपासता का लोकांचं?"
म्हटलं, बर्फाचं मला का सांगितलं नाहीत?
"सांगितलं असतं तर बंद केलं असतंत. आणि पोरं पडली असती. तुमचं काय, तुम्ही देवनागरीत पडला असतात."
स्वतःच हसला. मीही हसले. मग राहवेना. त्या सभेतलं वाक्य त्याला जसंच्या तसं ऐकवलं.
"मी असं म्हणालो?" मग, "छे. आठवत नाही बुवा. पण शोभतं मला."
माफी नाही. मागितलीही नाही मी. फोन ठेवताना म्हणाला, "मीठ टाकतात ना अजून? नुसता बर्फ काढून भागत नाही."

२८ जाने., बुध.
सकाळी बसून नवा मजकूर केला. अरविंद घैसास यांनी शाळा सुरू केली, इथपासून. कमिटीकडचे पाच हेलपाटे, वही, ६.५०. इंग्रजी अक्षरांचंही लिहिलं. ते चूकच होतं, आजही म्हणेन.
राहिलं ते सभेतलं वाक्य. लिहिलं तर सूड दिसेल. गाळलं तर पुढचं काहीच कळत नाही, शाळा मी का घेतली हेही नाही. सव्वाशेतले बरेच गेले. आमचे हेही गेले. ज्यानं म्हटलं त्याला आठवत नाही. आता ते फक्त माझ्याकडे आहे.
तन्मयचा मेसेज: काकू, सहाला प्रेसला पाठवतोय.
पावणेसहा. ते वाक्य मजकुरात कंसात घातलंय. खोडलेलं नाही.