फेरो बेटांचा तेविसावा सामना

मी, सुषमा नविन दवणे, वय वर्षे एकवीस, भूगोल विषय घेऊन बी.ए.च्या तिसऱ्या वर्षात शिकणारी, राहणार धाकटी डहाणू, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, आज रविवार दि. ३ नोव्हेंबर २०१९ रोजी सकाळी, खाडीकडच्या खिडकीत बसून, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी स्थिर आहे. शरीराविषयी तेवढ्या खात्रीने लिहिता येत नाही. लहानपणीच्या तापाने माझ्या हृदयाची एक झडप आखडली आहे. ती बदलण्यासाठी गुरुवार दि. १४ रोजी मुंबईच्या रुग्णालयात मला झोपवतील आणि काही वेळ माझे हृदय थांबवून ठेवतील.

हा लेख मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. असे वाक्य अशा कागदात घालावे लागते, असे आमचे शाळेतील भूगोलाचे शिक्षक श्री. सूर्यकांत सावे सर यांनी सांगितले. परंतु माझ्या बाबतीत ते केवळ रीतीपुरते नाही. दडपणाखाली मी आयुष्यात एकच ओळ लिहिली आहे. ती ओळ खोटी आहे. ती दुरुस्त करणे हा या मृत्युपत्राचा मुख्य हेतू होय. बाकीच्या वस्तू थोड्या आहेत; त्या आधी वाटून टाकते.

कलम १. घर वडिलांचे आहे, होडी वडिलांची व जीवनकाकांची भागीतली आहे. या घरात माझी म्हणता येईल अशी जागा म्हणजे ही खिडकी. ती मी आई, सौ. जयश्री, हिला देते. मासळी निवडताना तिने येथे बसावे आणि अधूनमधून मान वर करून बाहेर पाहावे. एकवीस वर्षांत तिला तसे करताना मी पाहिलेले नाही.

कलम २. माझी सायकल धाकटा भाऊ ललित याने घ्यावी. ती तो तसाही न विचारता नेतो. नकाशांचे पुस्तक मात्र त्याला देऊ नये. २०१३ साली त्याने त्यातून दक्षिण अमेरिकेचे पान फाडले, त्याची होडी केली आणि ती ओहोटीच्या पाण्यात सोडून दिली. पुढे जे घडले त्याचे मूळ त्या होडीत आहे. मी त्याला क्षमा केली आहे. पुस्तकाने केली आहे की नाही ते ठाऊक नाही. पुस्तक शाळेला द्यावे.

कलम ३. माझा दहावीचा निकाल ऐकून जीवनकाका म्हणाले होते, "एवढं वाचून काय उपयोग? हिला धड चार पावलं पळता येत नाय." माझ्या प्रमाणपत्रांची फाईल एक दिवसासाठी त्यांना द्यावी. त्यांनी ती सावकाश, चष्मा लावून वाचावी आणि काही न बोलता परत करावी.

कलम ४. स्टीलची थाळी व पळी. थाळी मुळात आईची. तिला पडलेले पोचे माझे. या दोन वस्तू वाडीतील खेळणाऱ्या मुलांना द्याव्यात आणि त्यासोबत पुढील माहिती द्यावी.

आमचे मैदान म्हणजे खाडीच्या तोंडाशी ओहोटीला उघडी पडणारी ओली वाळू. ते दिवसातून दोनदा जन्माला येते आणि दोनदा नाहीसे होते. म्हणून सामन्याची वेळ घड्याळावर नव्हे, पंचांगावर ठरते. तिथीची पाऊणपट करावी, त्यात अर्धा तास मिळवावा, की भरतीची वेळ येते. चतुर्दशीला भरती अकराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी पाचला. संध्याकाळच्या सामन्याला ती उत्तम. हे गणित मला वडिलांनी शिकवले. वेळेवरून भांडणे नकोत म्हणून आम्ही पाण्यालाच पंच नेमले होते. परतणारे पाणी होडी बांधायच्या खुंटाला लागले की सामना संपला. शिटी वाजवण्याइतका माझा दम पुरत नसे, म्हणून मी पालथ्या होडीवर बसून थाळी वाजवीत असे आणि निकाल वहीत लिहीत असे. मी कधीही चेंडूला पाय लावला नाही. तरीही त्या संघात मी होते, असे मी मानते.

कलम ५. वही. ही निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही माझी सर्वांत मौल्यवान मालमत्ता होय. तिच्या डाव्या पानांवर फेरो बेटांच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा इतिहास आहे. उजव्या पानांवर आमचा.

जून २०१४ मध्ये, विश्वचषकाच्या दिवसांत, सरांनी ठरवले की किनाऱ्यावरच्या प्रत्येक वाडीने एकेक देश घ्यावा आणि पावसाळा उलटल्यावर आपलीही स्पर्धा व्हावी. चिठ्ठ्या लिहायचे काम मला दिले. विश्वचषकात ठरावीकच देश असतात हे मला माहीत नव्हते. मी नकाशांचे पुस्तक उघडले आणि ज्यांची नावे आवडली ते देश लिहिले. दक्षिण अमेरिका पाण्यात गेलेली असल्यामुळे ब्राझील नव्हता, अर्जेंटिना नव्हता. वर्गात मोठा गोंधळ झाला. वरोर वाडीचा कप्तान जिव्या याला मंगोलिया आला. त्याने चिठ्ठी चुरगळून "आम्ही ब्राझील, कोण बोलतो बघू" असे जाहीर केले. हळूहळू सर्वांनी देश बदलून घेतले. आमच्या वाडीच्या चिठ्ठीवर फेरो बेटे होती. जिव्याने नकाशात डोके घालून पाहिले आणि म्हणाला, "हा देश नाय रे, माशीनं घाण केलीय."

आमची गोलरक्षक तानी हिने ती चिठ्ठी केसांत खोचली. तानी चिकूच्या वाडीवर कामाला असलेल्या लहान्या धोडी यांची मुलगी. माझ्याच बाकावर बसत असे. ती म्हणाली, "माशी तर माशी. माशी कोणाच्या हाताला लागत नाय."

तेव्हापासून मी त्या देशाचा शोध घेत आले. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातील दोन ओळी, वाचनालयातील संगणक, जेथे जे सापडले ते वहीत उतरवले. अठरा बेटे, धुके, मेंढ्या, मासेमारी. डहाणू शहराची वस्ती जेवढी, जवळपास तेवढीच त्या संपूर्ण देशाची. त्यातही तो डेन्मार्कच्या छत्राखालचा. पण संघ स्वतःचा. विश्वचषकाच्या किंवा युरोप चषकाच्या मुख्य फेरीत तो आजवर एकदाही पोहोचलेला नाही. १२ सप्टेंबर १९९० रोजी त्यांचा पहिला पात्रता सामना होता. बेटांवर नियमात बसेल असे गवताचे मैदानच नव्हते, म्हणून आपला घरचा सामना त्यांनी परक्या देशात, स्वीडनमध्ये जाऊन खेळला, आणि ऑस्ट्रियाला एक शून्यने हरवले. त्यांचा गोलरक्षक गोंड्याची लोकरी टोपी घालून उभा होता. लहानपणी डोक्याला मार लागल्यापासून तो ती घालत असे, असे मी वाचले.

हे मी तानीला सांगितले. दुसऱ्या दिवशी तिने बापाची तपकिरी कानटोपी आणली. राखणीच्या थंडीत घालायची ती टोपी. तिला मी लाल लोकरीचा गोंडा शिवून दिला. पुढची तीन वर्षे, मे महिन्याच्या उकाड्यातसुद्धा, तिने ती उतरवली नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये फेरो बेटांनी ग्रीसला त्यांच्याच घरी हरवले आणि पुढल्या जूनमध्ये स्वतःच्या घरी पुन्हा हरवले. दोन्ही वेळा तानीने मला पालथ्या होडीवर उभे करून वाळूवर सर्वांना बातमी मोठ्याने वाचायला लावली. माझा आवाज पाणी ओलांडून जातो हे मला त्या दोनच दिवशी कळले.

कलम ६. दुरुस्ती. वहीच्या उजव्या पानावर सामना क्रमांक तेवीस, दि. ९ मे २०१७, वैशाख शुद्ध चतुर्दशी, असा त्या वर्षीच्या स्पर्धेचा अंतिम सामना नोंदला आहे. त्यापुढे "वरोर २, फेरो बेटे १" असे माझ्या अक्षरात लिहिले आहे. ते खरे नाही.

खरे ते असे. एक एक अशी बरोबरी होती. पाणी खुंटापासून दोन हातांवर आले होते. जिव्याने चेंडू मारला. तानी आडवी पडली आणि चेंडू तिच्या पोटाखाली दबला. तेवढ्यात खुंटाला पाणी लागले व मी थाळी वाजवली. गोलाची रेघ पाण्याने पुसली होती. परंतु मी गोलाच्या दोन्ही बांबूंच्या सरळ रेषेत बसले होते. चेंडू रेषेच्या अलीकडे होता. एक वीतभर अलीकडे. मला तो आजही दिसतो.

"गोल!" जिव्या ओरडला.

"कसला गोल? पोटाखाली हाय बघ."

"रेघ दिसली काय तुला? टोपी डोळ्यांवर आलेली तुझ्या."

"माझ्या डोळ्यांवर आली ना? सुषमाच्या नाय. तिला विचारा."

ओल्या पायांचे पंधरावीस जण माझ्याभोवती जमले. जिव्या माझ्या वहीवर वाकून म्हणाला, "लिही, मास्तरीणबाई. वरोर दोन." त्याच्या केसांतले पाणी पानावर पडत होते. तानी घोळक्याबाहेर उभी होती. मला तिची फक्त टोपी दिसत होती. ती म्हणाली, "सुषमा, तू बघितलंस ना? बोल ना. नुसती मान हलव."

मी मान हलवली नाही. खाली घातली आणि लिहिले.

तानी पुढे आली, तिने ते वाचले. "साता समुद्रापलीकडचं सगळं खरं लिहितेस तू," ती म्हणाली, "आणि हे?" तिने टोपी काढून वहीवर टाकली आणि निघून गेली. त्याच महिन्यात ती तलासरीला मावशी बायजी यांच्याकडे राहायला गेली. तेथील मुलींच्या वसतिगृहात ती स्वयंपाकाला मदत करते आणि संध्याकाळी मुलींना चेंडू अडवायला शिकवते, असे ऐकते. त्यानंतर आमचा संघ खेळला नाही.

सबब मी घोषित करते की सामना क्रमांक तेवीस एक एक असा बरोबरीत सुटला. आमच्या संघाची एकंदर नोंद अशी वाचावी: सामने तेवीस, विजय सहा, बरोबरी पाच, पराभव बारा. बरोबरी झाल्यास करंडक, म्हणजे सरांचा पितळी तांब्या, दोन्ही वाड्यांनी सहा सहा महिने ठेवावा असा नियम होता. तो वरोरला जिव्याकडे अडीच वर्षे आहे. सरांनी हे कलम त्याला वाचून दाखवावे व तांब्या आणावा. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला गोल खरोखर दिसला असेल. मला दिसला नव्हता, आणि तरी मी लिहिला.

कलम ७. उपरोक्त तपकिरी कानटोपी लाल गोंड्यासह तानी लहान्या धोडी हिला द्यावी.

कलम ८. वहीदेखील तानीला द्यावी. १५ नोव्हेंबर रोजी फेरो बेटांचा नॉर्वेशी ऑस्लो येथे सामना आहे. त्याच्या आदल्या दिवशी मला झोपवलेले असेल. हृदय थांबलेले असताना मी कोठे असेन, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, तेथे ओहोटी असेल. अठरा बेटांमधले पाणी हटलेले असेल, मधल्या ओल्या वाळूवर धुके असेल, आणि त्या धुक्यातून मी न थांबता, छातीवर हात न ठेवता, पळत असेन. कोणीतरी लांबून थाळी वाजवील तेव्हा मला परतायचे आहे. ती ऐकू आली नाही, तर १५ तारखेचा निकाल तानीने भरावा. कितीही गोल झाले तरी खरा भरावा.

या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून मी सावे सरांना नेमते. साक्षीदार दोन लागतात. एक सर आहेत. दुसरी जागा मी मोकळी ठेवली आहे. गेल्या आठवड्यात तलासरीला एक पोस्टकार्ड टाकले: "त्या दिवशी तुला साक्षीदार हवा होता. आज मला हवा आहे. रविवारी ये." उत्तर आलेले नाही.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी दीड वाजता.

तानी आली आहे. दोन गाड्या बदलून आली. तिने सर्व कलमे उभ्यानेच वाचली. सहावे दोनदा वाचले. मग सातव्यावर बोट ठेवून म्हणाली, "माझीच टोपी मला देतेस काय गं? तुझी कधी झाली ती?"

साक्षीला येऊन बसलेले सर म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. जे आपलं नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही."

म्हणून कलम ७ रद्द करते. टोपी मी तिला आताच परत केली. तिने ती नाकाशी नेली. "धुतलीस?"

"एकदाच."

"खाडीचा वास घालवलास. बरं, येईल परत."

सरांनी तिला समजावले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याने साक्षीदार होऊ नये. वही हवी असेल तर सही दुसऱ्या कोणाची घ्यावी लागेल. तानीने खिडकीतून बाहेर पाहिले. पाणी चढत होते. मग ती म्हणाली, "वही नको मला. सही करते मी. आणि हिची वही हिलाच राहू द्या, सर. पंधरा तारखेचा निकाल मी मोबाईलवर बघून ठेवीन. डोळे उघडलेस की विचार. लिहायचं तूच."

म्हणून कलम ८ मधील वहीचे दानही रद्द करते. वही माझी आहे. मी परतले नाही तर सरांनी ती शाळेच्या कपाटात ठेवावी. पंधरा तारखेची ओळ मात्र कोणीही भरू नये.

स्थळ: धाकटी डहाणू
दिनांक: ३ नोव्हेंबर २०१९

लिहून ठेवणार: सुषमा नविन दवणे (सही)

साक्षीदार:

१. सूर्यकांत गोविंद सावे, निवृत्त शिक्षक, रा. डहाणू (सही)

२. तानी लहान्या धोडी, रा. तलासरी (सही)
सुषमाने माझ्यासमोर सही केली. मी जवळच उभी होते. टोपी डोळ्यांवर नव्हती. मी बघितलं आणि बघितलं तेच लिहिलं.