गोणपाटाचा लांडगा

आप्पा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा तुम्हाला लिहायला बसलोय. मी एक सिनेमा केलाय, पौर्णिमेला ज्याचा लांडगा होतो अशा माणसाचा. चार मित्र, उसना कॅमेरा आणि लोंढ्याजवळचं रान, एवढंच भांडवल. कॉम्प्युटरवर लांडगा करून घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून हातानेच करायचा ठरला. बाजारातलं केसाळ कापड आणून शिवलं, तर मुलांच्या वाढदिवसाला आणतात तसलं अस्वल तयार झालं. मित्र हसून हसून लोळले. त्या दिवशी मला तुमचा डबा आठवला. त्याआधी इतक्या वर्षांत तो आठवला नव्हता, हेही लिहून टाकतो.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात केस चिकटवायची राळ, स्पिरिट, कंगवा आणि कात्री. दिवसभर तुम्ही निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायचात आणि यात्रांच्या दिवसांत गावोगावच्या नाटकांना दाढ्यामिशा लावायचात. तंबाखू भरलेल्या बोदांचं फाटलेलं गोणपाट घरी आणून त्याचे धागे सोडवायचे, तीन पाण्यांतून काढायचे, काळ्या रंगात उकळून परसात दोरीवर वाळवायचे. आई करवादायची, "सैपाकाचं पातेलं हाय त्ये, का रंगाचं?" तुम्ही ऐकलं न ऐकलंसं करता, आणि मी समोर पाटावर हनुवटी वर करून बसलोय. "खालनं वर लावत यायचं रं. कौलं घालत्यात तशी. वरनं सुरू केलंस की चिकटवल्याली कळतीया." मग आरसा धरता. सात वर्षांचा मी त्यात ऋषी झालेला असतो, आणि माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त हसू येत असतं.

लांडगा मी तसाच केला. वखारीतलंच गोणपाट, राळ, खालून वर. फक्त घाई नडली आणि दोनच पाण्यांतून काढलं. लांडगा झालेला आमचा मित्र शाळेत खेळाचा मास्तर आहे, दणकट गडी. भर दुपारी, झाडाखाली, तो गुरगुरायला उभा राहिला आणि शिंकायलाच लागला. एक, दोन, सात. वखारीतून आल्यावर उंबऱ्यात उभे राहून तुम्ही शिंकायचात, अगदी तशा. सगळे पोट धरून हसत होते. मी कॅमेरा खाली ठेवून झाडामागे गेलो आणि रडलो. मग परत आलो, त्याला तोंड धुवायला लावलं आणि पुढचं काम केलं. सगळे केस आधी चिकटवायचे, मग थोडे थोडे कातरत चित्र घ्यायचं आणि ते उलटं फिरवायचं, की बघता बघता माणसाच्या गालावर केस उगवतात. ते दृश्य फार झ्याक जमलंय.

आता तो बेळगावच्या कॅम्पातल्या शाळेचा दिवस. त्याच्याबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. मी आत्याकडे राहून तिथे शिकत होतो. गॅदरिंगच्या नाटकाला दाढ्या लावणारं कोणी मिळेना, म्हणून आत्याने तुम्हाला निरोप धाडला. वखारीत रजा टाकून तुम्ही एसटीने आलात, धुतलेला सदरा घालून, तरी तंबाखूचा वास येतच होता आणि नखं तपकिरीच होती. बाकावर शेजारी बसलेल्या मुलाचे वडील लष्करात मोठे अधिकारी होते. त्याने विचारलं, "हे कोण रे?" तुम्ही चार हातांच्या अंतरावर राळ ढवळत होतात. मी म्हणालो, "आमच्या गावचा मेकपवाला."

तुमचा हात थांबला नाही. माझी पाळी आल्यावर मी समोर बसलो, आणि तुम्ही कंगव्यात धागे धरून मला विचारलंत, "कुठल्या गावचं पावणं?" मी खाली बघून म्हणालो, "निपाणी." "व्हय? आमीबी तिकडचंच. तोंड हलवू नका, दाढी निसटंल." बाकीच्यांना लावली त्याहून माझी दाढी तुम्ही जास्त जपून लावलीत, तेवढं मला कळत होतं. नाटक सुरू व्हायच्या आधीच तुम्ही एसटी पकडून गेलात, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

गेल्या रविवारी बेळगावात एका लहानशा हॉलमध्ये सिनेमा दाखवला. लांडगा उगवताना हॉल चिडीचूप झाला होता. नंतर एकाने उठून विचारलं, हे केसांचं काम कुठे शिकलात? पहिल्या रांगेत आई बसली होती. आणि माझ्या तोंडून निघालं, "परदेशी व्हिडिओ बघून, इंटरनेटवर." टाळ्या पडल्या. मी चाळिशीचा माणूस, तिथे कोणी अधिकाऱ्याचा मुलगा नव्हता, कोणाला भ्यायचं कारण नव्हतं. जित्याची खोड, दुसरं काय.

निपाणीला परतताना एसटीत आई खिडकीशी बसली होती. बाहेर बघतच म्हणाली, "त्या दिवशी मागं हुबं ऱ्हाऊन नाटक बघूनच आलतं त्ये. मला म्हणालं, 'पोरगं लई झ्याक दिसलं. मी वळख दिली न्हाय, उगं त्येची पंचाईत व्हायला नको.'" मग म्हणाली, "आज हॉलात असतं, तर आजबी दिली नसती." आप्पा, मला थप्पड मारली असतीत तर बरं झालं असतं.

येत्या रविवारी सिनेमा निपाणीत आहे, तुमच्या वखारीपासून हाकेच्या अंतरावर. तुमच्याबरोबर तंबाखू चाळलेले म्हातारे येतील. म्हणून आज सकाळी मी सिनेमाच्या शेवटी नावं येतात त्या पाट्या बदलायला बसलो. 'केशभूषा' या शब्दापुढे माझं नाव होतं, ते काढून तुमचं नाव घातलं. आईला दाखवलं, तिने कॉम्प्युटरच्या पडद्याला हात लावून डोळे पुसले. हे पत्र कुठे पाठवणार, तुमच्या डब्यात ठेवून देतो.

पण तुम्हाला खोटं सांगायला नको. पुढे 'माझे वडील' असं लिहिलं होतं, ते मी खोडलं. आईला वाचता येत नाही. वखारीतले म्हातारे सोडले तर बघणाऱ्याला वाटेल, असेल कोणीतरी गावचा मेकपवाला.